इंदूरमध्ये शेल्टरमधून कुत्रा घरी आणायचाय? फॉर्मपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत

कुत्रा विकत घ्यायचा म्हटलं तर पैसे मोजले की संध्याकाळपर्यंत तो घरात असतो. शेल्टरमधून आणायचा म्हटलं तर आधी फोन उचलला जात नाही. उचलला तर व्हॉट्सॲपवर लांबलचक फॉर्म येतो. फॉर्म भरून पाठवला की आठवडाभर शांतता. आणि मग एका दुपारी कुणी अनोळखी मुलगी फोन करून विचारते, "घरात किती माणसं? सगळ्यांना चालणार आहे ना? उद्या तुमची बदली झाली तर कुत्र्याचं काय करणार?" चांगली, मायाळू माणसं इथपर्यंत येतात, अपमान झाल्यासारखं वाटून घेतात आणि नाद सोडतात. तिकडे शेल्टरमधला कुत्रा मात्र पिंजऱ्यातच राहतो.

आमची कुत्री चिंगी सुदामा नगरातल्या घरी आली ती याच वाटेने. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांनी फोन करून तेच तेच प्रश्न विचारले, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगते. शेल्टरवाले इतकं खोदून विचारतात, कारण दिलेली कुत्री परत येतात किंवा रस्त्यावर सोडली जातात, आणि ते त्यांनी अनेकदा पाहिलेलं असतं. त्यांच्या प्रश्नांचा राग धरू नका. पण आपले प्रश्नही तितक्याच चिकाटीने विचारा. "ते बिचारे सेवा करतायत, त्यांना कागद कसे मागायचे" या संकोचापायी लोक आजारी पिल्लू घरी आणतात, आणि त्याची किंमत पिल्लू मोजतं.

१. आधी घरातल्या सगळ्यांचा होकार

होकार म्हणजे "आणा, तुम्हाला हौस आहे तर" असा नव्हे. पहाटे सहाला फिरायला कोण नेणार, दुपारी घरी कोण असणार, मे महिन्यात पुण्याला किंवा नागपूरला लग्नाला गेलो तर तो कुणाकडे राहणार, हे नावानिशी ठरवा. गावठी कुत्रा नीट सांभाळला तर बारा-पंधरा वर्षं जगतो. आज दहावीत असलेला मुलगा तोवर नोकरीला लागलेला असेल, बहुधा दुसऱ्या शहरात. म्हणून "मुलाला हवाय" हे कारण एकटं पुरत नाही.

घरात ज्यांना कुत्रा नको आहे त्यांच्याशी आधी बोला. आमच्याकडे सासूबाईंची अट होती की देवघरात आणि स्वयंपाकघरात तो येता कामा नये. ती अट आम्ही पहिल्या दिवसापासून पाळली. दाराशी लहान मुलांसाठी मिळतं तसलं फाटक बसवलं आणि प्रश्न मिटला. अशा अटी कुत्रा यायच्या आधी ठरल्या तर तो आल्यावर भांडणं होत नाहीत.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाचं लेखी पत्र घ्या. तोंडी होकार शेल्टर मानत नाही, आणि ते बरोबरच आहे. मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत राहत असाल आणि रहवासी संघ म्हणत असेल की कुत्रा पाळता येणार नाही, तर हे लक्षात ठेवा: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संघाला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, ठराव मंजूर केला तरी नाही. लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. ही सूचना छापून जवळ ठेवा, पण भांडायला जाऊ नका. लसीचं कार्ड दाखवून, घाण आपण स्वतः उचलू असं अध्यक्षांना शांतपणे सांगितलं की बहुतेक ठिकाणी काम होतं.

२. तुम्ही नेमकं कुठे विचारताय ते ओळखा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ज्याला आपण सरसकट "शेल्टर" म्हणतो त्या तीन वेगळ्या जागा असतात.

पहिली म्हणजे नसबंदी केंद्र. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरची कुत्री तिथे आणतात, नसबंदी आणि रेबीजची लस झाली की ज्या गल्लीतून उचलली त्याच गल्लीत सोडतात. ओळखीसाठी कानाला खाच केलेली असते. तिथे पिंजऱ्यात दिसलेला कुत्रा तुम्हाला कितीही आवडला तरी तो सहसा परत आपल्या गल्लीत जायचा असतो. "इतकी कुत्री आहेत आणि एक द्यायला नाही म्हणतात" ही तक्रार मी खूपदा ऐकली आहे. तिचं कारण हे आहे.

दुसरी जागा म्हणजे अपघातात सापडलेल्या, आजारी किंवा मालकाने सोडून दिलेल्या प्राण्यांचं खरं शेल्टर. तिसरी म्हणजे फॉस्टर: कुणा व्हॉलंटियरच्या घरी काही आठवड्यांसाठी ठेवलेली पिल्लं. पहिल्यांदाच कुत्रा आणणाऱ्या घराने शक्य असेल तर फॉस्टरकडून घ्यावा असं माझं ठाम मत आहे. घरात राहिलेल्या पिल्लाचा स्वभाव, खाणं, रात्रीचं रडणं, शू-शीची सवय हे सगळं फॉस्टरला माहीत असतं. शेल्टरमध्ये पन्नास कुत्र्यांना दोन माणसं सांभाळत असतील तर त्यांना तेवढं सांगता येत नाही.

फोन करायची वेळ दुपारी दोन ते चार. सकाळी साफसफाई आणि जेवण, संध्याकाळी जखमी जनावरांचे फोन. एक नीट मेसेज पाठवा: नाव, कॉलनी, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात कोण कोण, आधी कुत्रा होता का, कुठल्या कुत्र्याबद्दल विचारताय. नुसतं "Hi" किंवा "कुत्रा मिळेल का" अशा मेसेजला उत्तर येत नाही. चार दिवस थांबून एकदा आठवण करा. फोटोतला कुत्रा गेला असेल तर "दुसरा कुठलाही द्या" म्हणू नका. आपल्या घरात कसा कुत्रा निभेल ते सांगा आणि कोण सुचतंय ते त्यांनाच विचारा.

३. कागद एका पाकिटात तयार ठेवा

- आधार कार्ड आणि त्याची प्रत
- पत्त्यासाठी वीजबिल, भाड्याचं घर असेल तर करारनामा
- घरमालकाचं संमतीपत्र
- एक फोटो
- घराचे फोटो: फाटक, बाल्कनी, गच्चीचा कठडा, कुत्रा झोपेल ती जागा
- आधी पाळलेला प्राणी असेल तर त्याचं लसीचं कार्ड
- शहरातल्याच एका नातेवाइकाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर, जो तुम्ही बाहेरगावी असताना कुत्र्याला बघेल

शेवटचा नंबर फॉर्ममध्ये विचारलेला नसला तरी द्या. अविवाहित, विद्यार्थी, एकटं राहणारे यांना शेल्टर पटकन नकार देतात. त्यांच्यासाठी हा नंबर फार उपयोगी पडतो.

४. फॉर्म, मुलाखत आणि घर बघायला येणारी माणसं

"लग्नानंतर कुत्र्याचं काय?", "मूल झाल्यावर?", "महिन्याला किती खर्च करू शकता?" असे प्रश्न येतील. खरं उत्तर द्या. दिवसातून नऊ तास घर बंद असतं तर तसं लिहा. तीन महिन्यांचं पिल्लू ते तुम्हाला देणार नाहीत, पण चार वर्षांची शांत कुत्री कदाचित देतील, आणि ती तुमच्या घराला जास्त शोभेल. शाकाहारी घर असेल तर तेही सांगा. कुत्रा सर्वभक्षी आहे, अंड्याशिवायही त्याला नीट वाढवता येतं, मात्र त्याचा आहार पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावा लागतो. नुसत्या दूध-पोळीवर तो धड राहत नाही. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध पचतच नाही आणि जुलाब लागतात.

घर बघायला येणारे फर्निचर बघत नाहीत. गच्चीचा कठडा किती उंच, फाटकाच्या गजांतून पिल्लू बाहेर जाईल का, कुत्रा रात्री आत झोपणार की अंगणात बांधून ठेवणार, हे बघतात. "राखणीला हवा" असं म्हटलंत तर बहुतेक ठिकाणी नकार येईल. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो आणि मग तोच कुणाला तरी चावतो, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

नकार आला तर कारण विचारा. कठडा उंच करून, मालकाचं पत्र मिळवून पुन्हा अर्ज करता येतो. काही वेळा कारण पटणारं नसतं आणि वागणूक तुसडीही असते. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा दुसरीकडे विचारा.

५. कुत्रा बघायला जाताना

पहिल्या भेटीत घरी आणायचा नाही असं ठरवूनच जा. शक्य असेल तर दोनदा, वेगवेगळ्या वेळी जा. शेल्टरमध्ये सतत भुंकणं चालू असतं. त्या गोंगाटात एखादा कोपऱ्यात दबून बसतो, एखादा जाळीवर उड्या मारतो, आणि घरी आल्यावर दोघांचे स्वभाव अगदी उलटे निघू शकतात. म्हणून "याला दहा मिनिटं बाहेर, शांत जागी नेऊ का?" असं विचारा. तिथे त्याच्याकडे टक लावून न पाहता नुसते खाली बसा आणि त्याला येऊ द्या. यायला वेळ लागला तरी चालेल. अंग ताठ करून, हलायचा थांबून डोळे रोखून बघू लागला तर जवळ जाऊ नका आणि सोबतच्या माणसाला बोलवा.

मग बारकाईने बघा. डोळ्यांना चिपडं, नाकातून घट्ट शेंबूड, खोकला: हे डिस्टेंपरचं, म्हणजे कुत्र्यांच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचं लक्षण असू शकतं. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का? हिरड्या गुलाबी आहेत की पांढरट? पांढरट हिरड्या म्हणजे रक्त कमी, बऱ्याचदा गोचीडतापामुळे किंवा जंतांमुळे. केस गळून कातडी लाल झाली असेल तर खरूज कुठल्या प्रकारची ते विचारा, कारण एक प्रकार माणसांनाही लागतो. पोट फुगलेलं आणि फासळ्या दिसत असतील तर बहुधा जंत. यातल्या बहुतेक गोष्टी बऱ्या होतात आणि मी त्यांच्यापायी कुत्र्याला नकार देणार नाही. फक्त माहीत असून आणावं.

"तीन महिन्यांचं आहे" असं सांगितलं तर दात बघा. दुधाचे दात अणकुचीदार, सुईसारखे असतात. पुढचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत सगळे पक्के येतात. सगळे पक्के दात असलेलं "पिल्लू" तीन महिन्यांचं नसतं. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी हातात ठेवत असेल तर घेऊ नका. इतक्या लहान वयात आईपासून तोडलेली पिल्लं जास्त चावरी आणि भित्री होतात.

६. हे विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या

लसीचं कार्ड बघा. "सगळ्या लसी झाल्यात" हे वाक्य पुरेसं नाही. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरची सही हवी. आम्हाला आधी दाखवलेल्या एका पिल्लाच्या कार्डावर नुसत्या बरोबरच्या खुणा होत्या. आमच्या डॉक्टरांनी ते कार्ड बाजूला ठेवून लसीकरण पहिल्यापासून करायला सांगितलं.

पिल्लाला पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) आणि डिस्टेंपरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, वय सोळा आठवड्यांचं होईपर्यंत देतात. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. जंताचं औषध लहान पिल्लाला दर पंधरा दिवसांनी, वजनाप्रमाणे. कार्ड या हिशेबाशी जुळतं का ते बघा.

आणखी विचारा: कुठे सापडला? शेल्टरमध्ये शेजारच्या पिंजऱ्यात गेल्या महिन्यात पार्व्हो झाला होता का? कधी कुणाला चावला आहे का, कोणत्या प्रसंगी? मांजर, लहान मुलं, दुसरी कुत्री यांच्याशी कसा वागतो? आधी कुणी नेऊन परत केला होता का, आणि का? शेवटचा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत. नेमकं त्याचंच उत्तर सर्वांत उपयोगी असतं.

हमीपत्रावर सही करण्याआधी ते पूर्ण वाचा. वयात आल्यावर नसबंदी करून घेण्याची अट असतेच आणि ती योग्य आहे. कुत्रा सांभाळणं जमलं नाही तर तो शेल्टर परत घेणार का, हे लिहिलेलं आहे का बघा. नसेल तर लिहून मागा.

७. पैशांचे सापळे

लस आणि नसबंदीचा खर्च म्हणून शेल्टरने थोडे पैसे किंवा देणगी मागितली तर द्यावी, आणि पावती घ्यावी. पण फेसबुकवर लॅब्रॅडॉरचा फोटो टाकून "मोफत दत्तक, फक्त गाडीभाडं आधी यूपीआयने पाठवा" असं सांगणारा फसवणारा असतो. कुत्रा स्वतः जाऊन, हात लावून पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

८. आणायच्या आधी घरात

सुती पट्टा, हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा), जाड दोरी, दोन जड भांडी, जुनी चादर, नावाचा आणि मोबाइल नंबरचा बिल्ला. साखळी नको. शेल्टरमध्ये तो जे खात होता तेच पहिले तीन-चार दिवस द्या, मग आठवडाभरात हळूहळू बदला.

मराठी घरातल्या काही गोष्टी त्याच्या तोंडाला लागता कामा नयेत: शिऱ्यातले आणि लाडवातले बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण, म्हणजे आपले रोजचे कांदेपोहेसुद्धा. शिजवलेल्या कोंबडीची हाडं नकोत. ताप वाटला म्हणून घरातली क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम कधीच देऊ नका, या गोळ्यांनी कुत्र्याच्या जिवाला धोका होतो.

आणलेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्या. आठवडाभर थांबू नका. वजन, रक्ततपासणी, विष्ठेची तपासणी करून घ्या. दुखणं अवघड असेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, १९५५ पासूनचं. तिथे जायला कंटाळा करू नका.

९. पहिले पंधरा दिवस

पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी दोन आठवडे. म्हणजे शेल्टरमधून उड्या मारत आलेलं पिल्लू घरी चौथ्या दिवशी आडवं पडू शकतं. खाणं बंद, उलट्या, मग दुर्गंधी येणारे रक्ताचे जुलाब. अशा वेळी "उद्या बघू" म्हणायचं नाही. त्याच रात्री सलाइन सुरू झालं तर वाचण्याची शक्यता बरीच वाढते. या विषाणूला फिनाइल पुरत नाही, ब्लीचचं पाणी लागतं: एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. तो जमिनीत कित्येक महिने टिकतो, म्हणून लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत उतरवू नका. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांना चौदा दिवस वेगळं ठेवा.

या काळात पाहुणे नकोत. शेजारची मुलं बघायला येतील, त्यांना दोन आठवड्यांनी बोलवा. तो पलंगाखाली बसून राहिला, जेवला नाही, रात्री रडला तर ते पहिले दोन-तीन दिवस स्वाभाविक आहे. पिल्लाने मात्र एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

कुत्रा चावला किंवा त्याचा दात लागून रक्त आलं, तर त्याचं लसीकरण झालेलं असो वा नसो, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद-चुना लावू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

१०. पहिले तीन महिने

आणलेली कुत्री हरवतात ती याच काळात. दार उघडं राहिलं, फटाका वाजला, आणि कुत्रा पट्ट्यातून मान काढून पळाला. पट्ट्यापेक्षा हार्नेस बरा तो यासाठीच. पहिले तीन महिने बागेतही दोरी सोडू नका.

इंदूरच्या आवाजांची सवय त्याला मुद्दाम लावावी लागते. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत दारात येते, तेव्हा चिंगी कपाटामागे जायची. आम्ही गाडीचा आवाज लांबून यायला लागला की तिला उकडलेल्या बटाट्याचे तुकडे द्यायला लागलो. हळूहळू ती त्या गाण्याची वाट बघायला लागली. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (रोषणाईच्या चित्ररथांची मिरवणूक), रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) आणि दिवाळी यांचा मात्र अशा सरावाने निभाव लागत नाही. राजवाडा, मल्हारगंज, रामबाग या भागांत राहत असाल तर त्या दिवशी त्याला आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून, पंखा आणि टीव्ही लावून ठेवा आणि एक माणूस त्याच्यासोबत बसा. एप्रिल-मेमध्ये फिरवायचं ते सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. डांबरावर हाताचा पंजा पालथा पाच सेकंद ठेवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याचेही पाय भाजतात.

घरात शू केली म्हणून मारू नका, नाक घासू नका. त्याने तो फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकतो. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच बाहेर न्या (लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला गच्चीवर किंवा बाल्कनीत), बाहेर केली की तिथेच शाबासकी द्या.

११. नोंदणी, आणि जमलंच नाही तर

पाळीव कुत्र्याची नगर निगमकडे नोंद करून घ्या. लसीचं कार्ड, आधार आणि कुत्र्याचा फोटो घेऊन आपल्या झोनच्या कार्यालयात विचारा. दत्तकपत्राची प्रत त्या कागदांसोबत ठेवा. कुत्रा हरवला किंवा शेजाऱ्याने तक्रार केली तर तो तुमचा आहे हे त्यावरून ठरतं.

घरात कुणाला दम्याचा त्रास वाढला, बदली झाली, कुत्रा आणि लहान मूल यांचं जमेना, असं होऊ शकतं. तेव्हा सर्वांत आधी ज्यांच्याकडून आणला त्यांना फोन करा. लाज वाटते म्हणून फोन न करता कुत्रा बायपासवर सोडून येणारे लोक आहेत. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर खायला शोधता येत नाही आणि तिथली कुत्री त्याला टिकू देत नाहीत. असं सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे गुन्हाही आहे. शेल्टरमध्ये जागा नसेल तर नवीन घर मिळेपर्यंत तो तुमच्याकडेच राहील असं सांगा, त्याचे चांगले फोटो काढून द्या, आणि नव्या घराला तेच सगळे प्रश्न विचारा जे तुम्हाला विचारले गेले होते.